पाळण्यासाठी करवत

अशी कल्पना कर, की तुझ्या दोन्ही हातांत तुतीची एक फळी आहे, जुन्या ओढणीत गुंडाळलेली. तू बाबांबरोबर लोखंडी बाजारात शिरते आहेस. वाटेत साखळ्या, मोटारींची दारं, गंजलेले नळ पसरलेले आहेत. तुला बाबांच्या डाव्या बाजूनंच चालायचं आहे, कारण डावीकडचं त्यांना अजिबात दिसत नाही, उजवीकडचं थोडंसंच. हे तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. आता सांग, तू किती जपून चालशील?

सनोबर तेवढंच जपून चालत होती.

"उजवीकडून या ना बाबा, इकडे चिखल आहे," ती म्हणाली. चिखल नव्हता. तिथे जमिनीतून एक लोखंडी गज वर आलेला होता.

तिचे बाबा, हमदम उस्ता, उजवीकडे सरकले; उस्ता म्हणजे हातात कसब असलेला कारागीर. मर्गिलान शहराच्या त्या महल्ल्यात बेशिक, म्हणजे लहान मुलांचे पाळणे, करणारी घरं आता थोडीच उरली होती आणि त्यांत हमदम उस्तांचा हात पहिला मानला जाई. त्यांचे डोळे बाहेरून होते तसेच होते. पण हिवाळ्यात एकदा त्यांनी चहा वाटीत न ओतता वाटीशेजारी ओतला आणि स्वतःच हसले. त्यानंतर ते सनोबरला कामाजवळ बसवू लागले. "रेघ सरळ आहे का बघ," असं म्हणून फळी तिच्या पुढे करायचे. बाबा आपल्याला विद्या देतायत म्हणून ती आधी फुशारली. मग एक दिवस चुकून तिनं फळीची उलटी बाजू त्यांच्यासमोर धरली. उस्तांनी मान हलवली. "छान. अगदी सरळ," ते म्हणाले. त्या बाजूला रेघ नव्हतीच.

तेव्हापासून ती हे एकटीच जपत होती, कुणाला सांगता येत नव्हतं. पाळण्याचं लाकूड बाळाच्या अंगाला लागतं, त्यात एक कुसळसुद्धा राहून चालत नाही. उस्ताला दिसत नाही असं कळलं तर त्याच्याकडे पाळणा कोण सांगणार?

आणि आता बाबा घरी लाकूड कापायचं यंत्र आणणार होते. कल्पना एर्गशमामाची होती. एर्गशमामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ. तो टॅक्सी चालवायचा आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं.

"दाजी, वाकसानं तासत बसलात तर बाळ चालायला लागेल आणि मग पाळणा पोचेल," तो वाटेत म्हणत होता.

"तू मोटार चालव. लाकडाचं मी बघतो."

"बघा की! बघायलाच तर आणलंय तुम्हाला."

सनोबरनं फळी छातीशी आणखी घट्ट धरली.

कोमिल नावाच्या माणसाचं दुकान बाजाराच्या टोकाला, चिनारांच्या रांगेखाली होतं. सूर्यफुलाच्या बिया फोडत तो उभा होता. त्याचा डावा हात कोटाच्या खिशात होता. उस्तांना पाहून त्यानं बियांची टरफलं थुंकली आणि उजवा हात छातीवर ठेवून वाकला.

"या उस्ता, या. तुमच्या पाळण्यात माझी तिन्ही पोरं झोपली. तुम्हाला वाईट माल दाखवला तर मलाच झोप यायची नाही."

पहिलं यंत्र नवं, हिरव्या रंगाचं आणि चिमुकलं होतं. उस्तांनी त्याची मेजपाटी, म्हणजे लाकूड टेकवायची वरची पाटी, दाबली. ती हलली.

"हे खेळणं आहे," कोमिल स्वतःच म्हणाला. "तुती बघितली की रडतं."

त्याच्याशेजारी पट्टा करवत होती. दोन चाकांवरून फिरणारी पातळ पट्टी, आणि जिथे लाकूड लागतं तेवढी जागा सोडून वरपासून खालपर्यंत पत्र्यानं झाकलेली. दात दिसत होते ते बोटभरच. उस्तांनी तिच्या अंगावरून हात फिरवला. झाकण वरखाली करून पाहिलं, चाक बोटानं ढकललं, त्याचा आवाज कान देऊन ऐकला. त्यांचा हात तिच्यावरून निघेना. सनोबरनं छातीशी धरलेली फळी जरा सैल केली.

"ही कशी आहे?" उस्तांनी विचारलं.

"चांगली आहे. पण सावकाश कापते," कोमिल म्हणाला. "म्हाताऱ्यांना बरी."

मामा मोठ्यानं हसला. "दाजी, दाढी पिकू दे, मग हिला न्यायला येऊ!"

उस्तांचा हात पट्टा करवतीवरून खाली आला.

"मोठं दाखव," ते म्हणाले.

मोठं यंत्र मागे ताडपत्रीखाली होतं. बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातून आलेलं. एका बाजूला रंधा, दुसऱ्या बाजूला गोल करवत, आणि मेजपाटी इतकी जड की तिच्यावर बैल उभा करता आला असता. ताडपत्री ओढायला कोमिलला दोन्ही हात लागले. डावा हात खिशातून बाहेर आला तेव्हा सनोबरला तो दिसला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

ताडपत्री बाजूला झाल्याबरोबर हात परत खिशात गेला. मामा यंत्राकडे पाहत होता. बाबांच्या तर ती डावी बाजू होती.

करवतीचं पातं मेजपाटीतून वर आलेलं होतं. पट्टा करवतीला होतं तसलं झाकण त्याला नव्हतं. कापलेली फट मिटून लाकूड उलटं अंगावर येऊ नये म्हणून पात्यामागे पोलादाची पाचर असते, तीही नव्हती. तिचे दोन स्क्रू तेवढे रिकामे लटकत होते.

"काका," सनोबर म्हणाली, "याचं झाकण कुठाय?"

बिया फोडण्याचा आवाज थांबला.

"चांगलं बोल गं!" मामानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "पाळण्याच्या अवजारासमोर असलं काही काढायचं? चांगलं बोललं की चांगलं होतं."

"लहान आहे," उस्ता घाईनं म्हणाले. "चूक झाली."

"झाकणानं काम अडतं, पोरी," कोमिल म्हणाला. तो हे तिच्याकडे न बघता म्हणाला.

ही तिथल्या पाळणेवाल्यांची जुनी रीत. ज्या हत्यारानं बाळाचं अंथरूण घडायचं, त्याच्यासमोर कापणं, तुटणं, रक्त असले शब्द उच्चारायचे नाहीत. त्यामुळे घेणारा विचारत नाही, विकणारा सांगत नाही, आणि ज्याची बोटं गेली तो हात खिशात ठेवतो.

शेजारच्या दुकानांतली माणसं एव्हाना जमू लागली होती. कुणीतरी ओरडलं, "हमदम उस्ता यंत्र घेतोय रे!" पांढऱ्या दाढीचे एक आजोबा गर्दीतून पुढे आले. सुनेच्या बाळंतपणासाठी त्यांनी उस्तांकडेच पाळणा सांगितला होता.

"चला, माझ्या नातवाचा पाळणा आता आठवडाभरात होणार," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"एक फळी कापून बघतो," उस्ता म्हणाले. "सनोबर, आण."

तिनं ओढणी सोडली. फळी देताना त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. ती गार होती आणि ओली होती.

"बाबा, तुमचा हात गार पडलाय."

"वारा आहे."

चिनाराचं एक पानसुद्धा हलत नव्हतं.

"पट्टावाली घेऊ या ना," ती पुटपुटली.

"ती म्हाताऱ्यांसाठी आहे. ऐकलंस ना?" उस्ता हसले, पण नुसत्या ओठांनी.

सनोबरनं तोंड उघडलं. मामा खांद्याला खांदा लावून उभा होता, आजोबा कान देऊन. तिनं तोंड मिटलं.

कोमिलनं खटका दाबला. पातं आधी गुरगुरलं, मग त्याचे दात दिसेनासे झाले आणि एक चकचकीत वर्तुळ तेवढं उरलं. त्याचा आवाज पायांतून वर चढत होता. उस्तांनी फळी मेजपाटीवर टेकवली. फळी सरळ धरणारी आडपट्टी जवळ आणायला त्यांनी हात पुढे केला. त्यांची बोटं लोखंडावरून चाचपत, थबकत पुढे गेली, आंधळ्या कोशिंबिरीत भिंत शोधावी तशी.

"बघा, बघा," कोमिल गर्दीला म्हणाला, "खरा उस्ता आधी यंत्राशी ओळख करून घेतो."

लोकांनी माना डोलावल्या. उस्तांनी उजवा हात फळीच्या मागच्या टोकाला लावला. डावा हात फळीवर पालथा ठेवला, फळी वर उचलली जाऊ नये म्हणून. अंगठा बाहेर पसरलेला. सनोबर मेजपाटीच्या टोकाशी उभी होती. तिथून पातं आणि अंगठा एका ओळीत दिसत होते. फळी पुढे गेली की अंगठाही तिच्याबरोबर तिथेच जाणार होता.

फळी सरकू लागली.

ओरडायचं नाही, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. धारेपुढे हात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, शिवायचंही नाही. तो दचकला की संपलं. मग काय करायचं? मामाकडे पाहिलं तर तो पात्याकडे कौतुकानं बघत होता. कोमिलकडे पाहिलं, तर त्याची नजर उस्तांच्या त्या अंगठ्यावर होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खिशातला हात खिशातच कशाला तरी घट्ट धरून होता. त्याला दिसत होतं. आणि तोही बोलत नव्हता.

 सनोबर यंत्रापासून लांबूनच वळसा घालून पलीकडे गेली, बाबांच्या उजव्या बाजूला, जिथलं त्यांना थोडं दिसायचं तिथे. मग तिनं दोन्ही तळहात छातीसमोर पसरले, दुआ मागायला पसरतात तसे.

पहिल्यांदा आजोबांचं लक्ष गेलं. कारण न विचारता त्यांनी हात पसरले. कुणी दुआ मागायला लागलं की आधी हात पसरायचे आणि कशासाठी ते मग कळतं. आजोबांचे पाहून शेजारच्यानं, त्याचे पाहून मामानं. गर्दीभर तळहात वर आले. उस्तांना ते कितपत दिसलं कोण जाणे, पण त्या उजव्या कडेला सगळ्या माणसांचा आकार एकदम बदललेला त्यांना कळला असावा. ते थांबले. त्यांनी फळी मागे ओढली आणि दोन्ही हात, उजवा आणि डावा, तिच्यावरून उचलून दुआसाठी पसरले.

दुआ ऐकू यावी म्हणून कोमिलनं खटका बंद केला. यंत्राचा आवाज उतरत उतरत थांबला. मग त्यालाही खिशातला हात काढावा लागला. तो तुटका तळहात सगळ्यांसमोर उघडा झाला. मामानं तो पाहिला आणि यंत्रापासून एक पाऊल मागे सरकला.

सगळे सनोबरकडे पाहू लागले.

तिला जेवणानंतरची दुआ तेवढी येत होती. तिनं तीच म्हणायला घेतली. 

"अन्नाला बरकत असो. घराला शांती असो. गेलेल्यांना जागा असो. असलेल्यांना..."

असलेल्यांना आयुष्य असो, आणि मग शेवटी ओमिन, म्हणजे तसंच होवो. ओमिन म्हटलं की सगळे तोंडावरून हात फिरवतात, दुआ संपते, आणि हात पुन्हा यंत्राकडे वळायला मोकळे होतात. सनोबर अडखळली. कोमिलचा अंगठा खटक्याशेजारीच हवेत होता.

तेवढ्यात उस्ता मेजपाटी सोडून चालत आले. हात पसरलेलेच ठेवून ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, अगदी खेटून. त्यांची बाही तिच्या दंडाला लागत होती. त्यांनी मान खाली केली.

"सावकाश म्हण, बाळा," ते हळूच म्हणाले. "मला घाई नाही."

सनोबरनं श्वास घेतला. ओमिन ती म्हणालीच नाही. हात तसेच धरून तिनं पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.