पाण्याचा टँकर आणि माझे ब्रेक

मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो. म्हातारी म्हणून माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. चौदा वर्षं झाली, पत्रा गंजला, डावं दार बाहेरूनच उघडतं. पण किल्ली फिरवली की मी पहिल्या झटक्यात सुरू होते.

हिमायतनगरच्या भुजंगरावांनी मला नवी कोरी घरी आणलं तेव्हा त्यांच्या आईनं, तुळजाबाईंनी, मला ओवाळलं होतं. मी मोंढ्याच्या बाजारात सोयाबीन नेलं, हळद नेली, लग्नाचे मंडप नेले. मंडपाचा जनरेटर ओढायला मागे एक हूकही बसवून घेतला. मग शेजाऱ्यांची नवी गाडी आली आणि सगळी भाडी तिला मिळू लागली. मी लिंबाखाली पडून राहिले आणि माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. फार राग आला मला.

यंदा चैत्रात किनवटकडच्या वसतिगृहातली बोअरची मोटर जळाली. भुजंगरावांची लेक वर्षाराणी तिथं आठवीत शिकते. प्यायलाही पाणी पुरत नाही, असा तिचा फोन आला आणि भुजंगराव हातातलं ताट सोडून उठले. गावातला तीन हजार लिटरचा टँकर भरून उभा होता, पण तो ओढणारा ट्रॅक्टर दुरुस्तीला गेलेला. त्यांनी टँकर माझ्याच हुकाला अडकवला. सपाट रस्त्यावर मी तो ओढला. लोक वाहवा करू लागले. खोटं कशाला बोलू, मीही फुगले.

हवा भरायला आम्ही सलीमभाईंच्या गॅरेजवर थांबलो. माझे ब्रेक तेच बघतात. त्यांनी टँकरभोवती एक फेरी मारली आणि समजावून सांगितलं की एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी तीन टन, टँकरचं लोखंड जवळपास एक टन. गाडी स्वतः दीड टनाची. तिच्या कागदावर हौद्यात सव्वा टन माल लिहिलाय, मागे ओढायचं अक्षरही नाही. आणि टँकरला स्वतःचे ब्रेकच नाहीत.

भुजंगराव चिडले. "लेकरू तिथं तहानलेलं हाय अन् तुम्ही वजनं सांगून राहिले. ओढून राहिली की ती."

"ओढंल. मी कुठं न्हाई म्हणतो?" सलीमभाई म्हणाले. "पण वसतिगृहाच्या गेटापुढं उतार हाय. पोरी बादल्या घेऊन तिथंच उभ्या राहतेत. मागून चार टन रेटायला लागल्यावर हिला रोकणार कोण, भुजंगराव?"

भुजंगरावांनी स्वतःच्या हातानं हुकाची पिन काढली. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, गाडी संपली आता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की माझ्या जागी कालची नवी पिकअप असती तरी तिलाही हे झेपलं नसतं. यात वयाचा काय संबंध?

सलीमभाईंनी माझे ब्रेक आवळले. हौद्यात गॅरेजमधली हजार लिटरची टाकी दोरांनी करकचून बांधली आणि टँकरमधल्या पाण्यानं काठोकाठ भरली, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळतं आणि गाडीला ओढून नेतं. तीन हजार लिटर न्यायचं तर तीन खेपा करायच्या, एवढंच.

पहिल्या खेपेला मी उतार उतरत होते. पाणी आलं म्हणत पोरी बादल्या घेऊन थेट रस्त्यावर धावल्या. सगळ्यांत पुढे वर्षाराणी. भुजंगरावांनी ब्रेक दाबला आणि मी थांबले. तिच्यापासून चार हातांवर थांबले. भुजंगरावांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

मित्रांनो, जुन्या गाडीला टाकून देऊ नका आणि फुशारकीपायी मारूही नका. ती किती ओढते हे विचारण्याआधी ती किती वजनानिशी थांबते हे विचारा, तिचे ब्रेक बघा, तिचे कागद वाचा. आणि मला संपली म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मोटर अजून दुरुस्त झालेली नाही. उद्या सकाळी गेटापाशी येऊन उभे राहा. मी पाणी घेऊन येते आहे.