सोनाबाईंचा रस्ता आणि माझी मोजणी

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. मुठीत मावणारा, स्टीलचा. अंगठ्याने बटण दाबलं की टिक्, आणि माझ्या खिडकीतला आकडा एकाने वाढतो. मला एवढंच येतं. पण एवढंच येतं म्हणून कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं. अहो, चार चाकं आणि एका स्प्रिंगच्या जोरावर मी भर रस्त्यात सिग्नल उभा केलाय! ऐका तर खरं.

पनवेलच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. तिथून मला विनिता मॅडमनी उचललं. त्या कामोठ्याच्या कॉलेजात शिकवतात. खांदा कॉलनीतल्या काही निवृत्त मंडळींची एक छोटी संस्था आहे. ही मंडळी दरवर्षी वर्गणी काढतात आणि दोघा-तिघांना वीस-पंचवीस हजार रुपये देतात. अट एकच, आपल्या भागातला एक प्रश्न धरायचा, नीट अभ्यासायचा आणि लिहून द्यायचा. मोठ्या लोकांना असल्या बारक्या प्रश्नांकडे बघायला सवड नसते. या मंडळींना ती आहे, म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

यंदा त्यांनी मॅडमना पैसे दिले. मॅडमचा प्रश्न होता न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा. रस्त्याच्या एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला खाडी. पाणी ओसरलं की बायका चिखलातले खुबे, म्हणजे खाण्याचे शिंपले, वेचायला जातात. मधून कंटेनरचे ट्रक धडाडत असतात. कोळीवाड्यातल्या गोदूबाईचा पाय तिथेच गेला होता. ट्रकचा धक्का बसला आणि तेव्हापासून ती काठी घेऊन दारात बसून असायची. रस्त्याच्या कार्यालयाकडे एकच सिग्नल मंजूर होता. तो कोळीवाड्यासमोर बसवायचा की पुढच्या पेट्रोल पंपाजवळ, हे महिनाअखेरीला ठरणार होतं. तिथले साहेब म्हणाले होते, "मॅडम, तिथे माणसं रस्ता ओलांडतात याचा आकडा आणा. नुसत्या तक्रारीवर काही होत नाही."

मॅडमनी झकास वेळापत्रक आखलं. सकाळी सात ते नऊ, सलग पाच दिवस. नऊनंतर त्यांना कॉलेज. मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्या मुठीत बसलो. पाच दिवसांत आकडा झाला सतरा.

शेवटच्या दिवशी मॅडम निघायच्या तयारीत असताना सोनाबाई आली. ही गोदूबाईची धाकटी जाऊ, कोळीवाड्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई.

"किती झालो आमी?"

"सतरा," मॅडम म्हणाल्या.

सोनाबाई आधी खो खो हसली. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "अगो बाय, तू रोज घड्याळ बघून येतेस. आमी पानी बघून जातो. सुकतीची, पानी उतरायची वेळ रोज पाऊन तास पुढं सरते. या आठवड्यात आमी दुपारचं जातो. तुला कोणी सांगलं नाय?"

कुणी सांगितलं नव्हतं, कारण मॅडमनी कुणाला विचारलंच नव्हतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे सतराच्या सतरा आकडे खरे होते, आणि त्याच खऱ्या आकड्यांनी कोळीवाड्याचा सिग्नल पेट्रोल पंपाला जाणार होता.

तो अहवाल तसाच दिला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण मॅडम सरळ संस्थेच्या कमळाकर काकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "काका, माझी चूक झाली. पैसे संपत आलेत आणि अभ्यास फुकट गेलाय."

काकांनी चष्मा पुसला. "फुकट कसा? आपण कुठे चुकतो ते कळलं की. मी सभासदांकडून आणखी थोडे पैसे उभे करतो. पण या वेळी वेळापत्रक त्या बाईंना करू द्या."

वा रे काका! कुठे मिळतात हो अशी माणसं?

सोनाबाईने कॅलेंडरवर बोट ठेवून तिथीगणिक वेळा सांगितल्या. पुनवेला कधी निघायचं, अष्टमीला कधी. मॅडमनी कॉलेजातून पंधरा दिवस रजा घेतली आणि मला गोदूबाईच्या हातात दिलं. मॅडम शेजारी वही घेऊन असायच्या, ती स्टुलावर बसायची आणि रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक बाईमागे टिक् करायची. तिचा अंगठा राकट, पण कधी चुकला नाही. एकदा सोनाबाई कुजबुजली, "दाब की चार जास्त! कोन बघतंय?"

गोदूबाई कडाडली, "माजा पाय गेला तो खरा हाय. मंग आकडा खोटा कशाला?"

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात माझा इतका मान कुणी राखला नव्हता. पंधरा दिवसांनी आकडा झाला दोन हजार तीनशे एकेचाळीस. साहेबांचा विश्वास बसेना, तेव्हा सोनाबाईने त्यांना दुपारी सव्वादोनला यायला सांगितलं. ते आले, टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग बघितली आणि सिग्नलच्या कागदावर कोळीवाड्याचं नाव लिहिलं.

त्यानंतर मी आठ महिने मॅडमच्या कपाटात होतो. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने माझी स्प्रिंग गंजली, बटण अडकलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? सिग्नल सुरू झाला त्या दिवशी मात्र मॅडमनी मला पर्समध्ये टाकून नेलं.

दिवा लाल झाला. ट्रक थांबले. बायका भराभर पलीकडे गेल्या. गोदूबाई मात्र अर्ध्या रस्त्यात असतानाच दिवा हिरवा झाला. पण पहिल्या ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून मागच्यांना थांबवलं. "सावकाश, मावशी," तो म्हणाला.

गोदूबाई पलीकडे पोचली. दोन वर्षांनी तिने खाडी जवळून पाहिली. काठी टाकून ती बांधावर बसली, आणि मोठ्या आवाजाची सोनाबाई तिच्या शेजारी बसून मुकाट रडत राहिली.

मित्रांनो, माझं बटण आता दुरुस्त झालंय. तुमच्या शाळेसमोर, गल्लीत असा एखादा प्रश्न असेल तर मॅडमकडून मला मागून न्या. वापरून झालं की पुसून तेलाचा थेंब सोडा. आणि मोजायला बसण्याआधी, ज्यांना मोजणार त्यांच्याजवळ घटकाभर बसून त्यांना विचारा.