ठेकेदाराचा फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे आणि मी खोटा आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, मागाहून तोंड लपवायला नको. सोशिक, गुणी वस्तूची गोष्ट ज्यांना हवी असेल त्यांनी एखाद्या छत्रीकडे जावं.

माझ्या अंगाला वीस बाजू. कारखान्यात साच्यात प्लॅस्टिकचा पातळ रस ओतला, मी घट्ट झालो, मग मला घासून चकचकीत केलं. पण ओतताना माझ्या पोटात हवेचा एक बुडबुडा राहून गेला, बरोबर विसाच्या आकड्याखाली. माझा रंग काळाकुट्ट, त्यामुळे आतलं कुणाला दिसेना. तेवढी बाजू हलकी राहिली, आणि हलकी बाजू वर येते. म्हणून माझा वीस वाजवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा पडायचा. तिथे चकाकी तपासायला तीन माणसं होती, तोल तपासायला एकही नाही. अजून राग येतो मला.

माझी मालकीण खेळ लिहिते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण दुसराच कुणीतरी होतो आणि सगळे मिळून बोलता बोलता गोष्ट घडवतात. एखाद्याचा बेत जमला की फसला, हे फासा सांगतो. ही गोष्ट कुठे घडते, नियम काय, अडचणी कोणत्या, हे सगळं ती एकटी लिहिते. ना कंपनी, ना साहेब.

"अजून खेळतेस का गं?" तिचा थोरला भाऊ दर भेटीत विचारायचा.

"खेळत नाही दादा, खेळ लिहिते."

"तेच ते."

तेच ते कसं? रांधणारी आणि जेवणारा एकच का? पण आम्हा फाशांना कोण विचारतो!

तिच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली. कपडे वाळत घालावेत तशी त्यावर खेळांची पानं चिमट्यांनी टांगलेली. एक खेळ दोघांनीच पोस्टकार्डं पाठवून खेळायचा. दुसरा चुकीच्या बसमध्ये बसलेल्या प्रवाशांचा. ती स्वतः एकदा तशी बसली होती आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरलीच नाही. तिसरा पुलाचा, आणि त्यात तिचा जीव होता. तिचे बाबा सुतार. खाली त्यांच्या कामाच्या जागेत दोन कारागीर वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, तरी एकाच दरवाजाच्या दोन फळ्या घडवत होते. फळ्या जुळल्या तेव्हा फट सुईएवढीही नव्हती. त्यावरून तिला अबोला धरलेल्या दोन गावांमधला मोडका पूल सुचला. तलवार नाही, राक्षस नाही. पूल बांधायचा, बस्स!

ती मला रुमालात जपायची. वीस पडला की मित्रमंडळी ओरडायची, "काय नशिबाचा फासा आहे गं तुझा!" मी फुगायचो. फुकटचं कौतुक कुणाला कडू लागतं? पुलाचा खेळ पारखताना पाचही पात्रांसाठी तिने एकट्या मलाच टाकलं. पुलाची तुळई बसवायला फाशावर बारा किंवा जास्त पडायला हवेत, असं तिने आधी लिहिलं होतं. माझ्यामुळे तुळया सटासट बसायला लागल्या. "फारच सोपं झालंय," म्हणत तिने बाराचे पंधरा केले, पंधराचे सतरा. मला तोंड नाही हे खरं, पण असतं तरी मी बोललो नसतो, हेही खरं.

छापखान्यात पानं सोमवारी द्यायची होती. आदल्या रविवारी वाचनालयाच्या खोलीत चार अनोळखी माणसं खेळायला आली, आपापले फासे घेऊन. अर्ध्या तासात पूल तीनदा कोसळला आणि सगळी पात्रं नदीत. त्यातल्या बस चालवणाऱ्या बाईंनी हात झटकले.

"ताई, हा खेळ आहे की शिक्षा? बुडायचंच होतं तर पोहून तरी बुडलो असतो."

सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन मात्र तिने दोरीवरची पुलाची पानं एकेक करून उतरवली.

बाबा दारात उभे. "काय चाललंय?"

"छापखान्याला नाही म्हणून कळवते. मला जमत नाही, बाबा. दादा म्हणतो तेच खरं."

"दादाला खिळा सरळ ठोकता येत नाही, त्याचं काय ऐकतेस! माप कशाने घेतलंस?"

"माप?"

"फळी चुकली की आम्ही फळीला शिव्या घालत नाही. आधी पट्टी तपासतो."

तिने रुमाल सोडला. बाबांनी मला तळहातावर दोन-तीनदा झेललं, डोळे बारीक केले आणि पेलाभर पाणी आणि मीठ मागवलं. मीठ इतकं कालवलं, की मी तरंगलो. बाबांनी बोटाने मला ढोसलं. मी गटांगळी खाल्ली आणि वर आलो. वीस. पुन्हा ढोसलं. वीस. दहाव्यांदाही वीस. मित्रांनो, आयुष्यभर ज्या आकड्यासाठी टाळ्या घेतल्या, तोच त्या दिवशी माझ्या कपाळावर चोराच्या शिक्क्यासारखा चमकत होता.

"भामट्या!" ती ओरडली. मग पोट धरून हसली. "बाबा, मी नाही चुकले! म्हणजे चुकलेच, पण खेळ नाही चुकला!"

पानं पुन्हा दोरीवर चढली. सतराचे बारा झाले. बस चालवणाऱ्या बाई आणि त्यांचे सोबती तिच्या बोलावण्यावरून त्याच संध्याकाळी परत आले, आपल्याच फाशांसह. पूल एकदा पडला, पण दुसऱ्यांदा उभा राहिला, तेव्हा बाई खुर्चीवरून उठल्या आणि अबोला धरलेल्या त्या खोट्या गावातल्या खोट्या माणसाला म्हणाल्या, "या, चहा घ्यायला या पलीकडे." सोमवारी पानं छापखान्यात गेली.

मला वाटलं, मी आता केराच्या टोपलीत. पण पानं जाण्याआधी, रविवारी रात्रीच तिने खेळात एक नवं पात्र घातलं होतं: मापात पाप करणारा, गोड बोलून सगळं जमवणारा ठेकेदार. त्याच्यासाठी तिच्या टेबलावर फक्त मला टाकतात. आता माझा वीस पडला की टाळ्या वाजत नाहीत, सगळे सावध होतात. मला हेच आवडतं. पन्नास वेळा नावाजला गेलो त्याहून हे एक काम मोठं.

खेळाच्या नवव्या पानावर तिने नियम छापलाय: ठेकेदारासाठी आपला सर्वांत लाडका फासा वापरावा. तेव्हा मित्रांनो, आम्हाला जपा, रुमालात ठेवा, हरवू नका. पण जो तुमच्यावर नेहमीच मेहेरबान असतो, त्याला आधी मिठाच्या पाण्यात सोडून बघा. हे मी सांगतोय. मी त्या पेल्यात जाऊन आलोय.