अकरा ओळींच्या चार ओळी

बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, आमच्या संस्थेत आल्या तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या. आधीची तीस वर्षं त्यांनी बिश्केकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. आम्हाला तळघरातली यंत्रं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, पगार तुटपुंजा होता, तरुण मंडळी अर्जच करत नव्हती. त्यांची निवड झाली ती एवढ्यामुळेच. हे मी कबूल करतो, कारण निवड समितीत मीही होतो.

माझं काम डोंगरातल्या तळ्यांचं. शहराच्या दक्षिणेला हिमनद्यांच्या पायथ्याशी वितळलेलं पाणी साठत जातं, आणि उन्हाळ्यात एखाद्या दुपारी बांध फुटून दगडचिखलाचा लोंढा खोऱ्यातून खाली धावतो. मी पाण्याची पातळी मोजायची, आणि तळघरातल्या चोवीस यंत्रांनी गणित करून सांगायचं, की बांध फुटलाच तर लोंढा कुठवर जाईल आणि किती वेळात. पंचाईत अशी, की उत्तर यायला नऊ तास लागत. सकाळी मोजायचं आणि संध्याकाळी कळायचं, की दुपारीच पळायला हवं होतं.

"यंत्रं मंद नाहीत रे," एजे पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "ती एकमेकांची वाट बघत बसलीयत."

खोऱ्याचे चोवीस तुकडे केलेले, प्रत्येक यंत्राकडे एक. गणिताच्या प्रत्येक पावलाला प्रत्येकाला शेजाऱ्याकडून कळायला हवं, की तुझ्या कडेला पाणी किती चढलं. गणितापेक्षा या चौकशीतच वेळ जात होता.

त्याच सुमारास एका बँकेने आपल्या डेटा सेंटरमधली जुनी नेटवर्क कार्डं मोडीत काढली. एजेंनी ती मागून घेतली आणि मार्शरूतका मिनीबसमध्ये मांडीवर खोका ठेवून संस्थेत आणली.

"ही काय जादू करणार?" मी विचारलं.

"शेजारणीला वाडगाभर तळलेले बोरसोक द्यायचेत, तर तू काय करतोस? फाटकातून जातोस, अंगण ओलांडतोस, दार वाजवतोस, ती हातातलं काम टाकून उठते. ही कार्डं भिंतीवरून हात घालून वाडगा थेट तिच्या दस्तरखानावर ठेवतात. तिला उठावंच लागत नाही."

कार्डं बनवणाऱ्या कंपनीने ती केव्हाच वाऱ्यावर सोडली होती. पण ती चालवणारं सॉफ्टवेअर मात्र जिवंत होतं. देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, हजारो यंत्रांच्या अवाढव्य डेटा सेंटरांसाठी केलेलं, आणि तरीही सगळ्यांसाठी उघडं. कुणीही घ्यावं, वाचावं, दुरुस्त करावं.

आमचे संचालक शार्शेन आगाय, म्हणजे शार्शेन सर, यांना हे पटेना. "फुकट देतात? मग त्यांचा मतलब काय?"

"त्यांनाही वापरायचंय, आगाय."

"आणि बिघडलं तर?"

"तर उघडून बघू."

महिनाभरात चोवीस यंत्रं या कार्डांवर बोलायला लागली. नऊ तासांचं गणित पन्नास मिनिटांत! मी आनंदाने सगळ्यांना लगमान खाऊ घातलं. पण तिसऱ्या दिवशी गणित मध्येच थिजलं. यंत्रं चालू, दिवे लुकलुकतायत, कुणी काही बोलत नाही. पुन्हा सुरू केलं, पार पडलं. पुढचं पुन्हा थिजलं. कधी विसाव्या मिनिटाला, कधी पंचेचाळिसाव्या.

दोन महिने हे चाललं. एजे सॉफ्टवेअरचा तो भाग कागदावर छापून घ्यायच्या आणि जेवताना, चहा पिताना पेन्सिल घेऊन वाचत बसायच्या. एक्स्चेंजमध्ये असताना त्या तारांचे नकाशे असेच वाचायच्या म्हणे. शेवटी शार्शेन आगायांनी फर्मावलं, की शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर जुन्या तारा परत जोडायच्या. नऊ तास तर नऊ तास, उत्तर तरी येतं.

गुरुवारी सकाळी एजेंनी आगायांना आणि मला चहाच्या टेबलापाशी समोरासमोर बसवलं.

"आगाय, तुम्ही एक यंत्र. मेदेर, तू दुसरं. आगाय मेदेरला चिठ्ठ्या पाठवणार. मेदेरकडे आठच चिठ्ठ्यांची जागा आहे. म्हणून आगायांसमोर या कागदावर आकडा: किती जागा मोकळ्या. चिठ्ठी पाठवली की एकाने कमी करायचा. मेदेर, तू चिठ्ठी वाचून बाजूला ठेवलीस की तू हात लांब करून त्यांच्याच कागदावर आकडा एकाने वाढवायचा. मी ओळी वाचते. ओळ सांगेल तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही."

"ते मला सवयीचं आहे," आगाय म्हणाले. "मंत्रालयात पंधरा वर्षं होतो."

एजे ओळी वाचू लागल्या, कधी त्यांची, कधी माझी, मधूनच दोघांच्या एकदम. दहा मिनिटं सगळं सुरळीत होतं. मग आगाय खेकसले, "हा लबाडी करतोय! तीन चिठ्ठ्या याच्यापुढे पडल्यात, म्हणजे पाच जागा मोकळ्या हव्यात. कागदावर चारच!"

"मी लिहिलं होतं आगाय, खोडून सहा केलं होतं!"

"मी वाचलं तेव्हा पाच होतं. पाचातला एक गेला, मी चार लिहिलं."

"तुम्ही वाचलंत आणि चिठ्ठी सरकवायला वळलात, तेवढ्यात मी सहा केलं. परत न बघताच तुम्ही चार लिहिलंत!"

"ओळीत परत बघायला सांगितलंच नव्हतं!"

एजेंनी पेन्सिल खाली ठेवली. "पुन्हा भांडा," त्या म्हणाल्या. "अगदी याच शब्दांत भांडा."

आम्ही पुन्हा भांडलो. एक मोकळी जागा हिशेबातून गायब झाली होती. अशी एकेक गळत गेली, की शेवटी कागदावर शून्य उरायचं. आगायांचं यंत्र जागेची वाट बघत बसायचं, माझं चिठ्ठीची. दोघंही अत्यंत सभ्यपणे, कायमची.

बाजारात आलेल्या नव्या कार्डांवर हे आपोआप सांभाळलं जायचं. जुन्यांवर नाही, आणि जुनी कार्डं घेऊन बसणारे आता होते किती?

दुपारपर्यंत एजेंनी अकरा ओळी लिहिल्या. पेन्सिल एकच ठेवायची, ज्याच्या हाती पेन्सिल त्यानेच वाचायचं आणि लिहायचं, दुसऱ्याने थांबायचं. शुक्रवारी गणित सलग आठ वेळा पार पडलं. त्यांनी त्या ओळी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे पाठवल्या, सोबत तोडक्यामोडक्या इंग्रजीत एक पत्र.

चार दिवसांनी ब्रनो शहरातून वोयतेख नावाच्या माणसाचं उत्तर आलं. नमस्कारबिमस्कार काही नाही. चूक अचूक हेरली आहे, दुरुस्ती घेता येणार नाही. तुमच्या अकरा ओळींमुळे प्रत्येक निरोपाला थांबावं लागेल. ज्यांच्याकडे दहा हजार यंत्रं आहेत, त्यांच्याकडे सेकंदाला कोट्यवधी निरोप जातात. तुमची अडचण सोडवायला सगळ्यांना थांबवता येणार नाही. खाली ओळ क्रमांक सहा आणि नऊबद्दल दोन प्रश्न.

मला राग आला. "कोण समजतो हा स्वतःला? आपलं चालतंय ना, एजे? ठेवा आपल्यापुरतं."

एजेंचा चेहरा मात्र लग्नाचं आमंत्रण आल्यासारखा फुललेला. "मेदेर, या माणसाने माझी प्रत्येक ओळ वाचलीय. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षांत माझा एक अहवाल कुणी शेवटपर्यंत वाचला नव्हता. आणि त्याचं खरं आहे. मी आळस केला."

"आळस? तुम्ही?"

"पेन्सिल हिसकावून घेणं सोपं असतं रे. भांडणच होणार नाही असं करायला हवं."

तीन आठवडे लागले. मग एका सकाळी त्यांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक आगायांचा, एक माझा. आगायांनी आपल्या कागदावर लिहायचं, आजवर एकूण किती चिठ्ठ्या पाठवल्या. मी माझ्या कागदावर लिहायचं, आजवर एकूण किती वाचल्या. दुसऱ्याच्या आकड्याला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. दोन्हींतलं अंतर आठातून वजा केलं की मोकळ्या जागा कळतात. बघायला उशीर झाला तरी काही हरवत नाही, कारण पुढच्या आकड्यात मागचं सगळं असतंच. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. अकराच्या चार ओळी झाल्या होत्या.

मला गणित कळतं, यंत्रं कळत नाहीत. पण ते दोन कागद बघून मला जे वाटलं, तेच पहिल्यांदा शिखरावरून आख्खी हिमनदी दिसली तेव्हा वाटलं होतं.

वोयतेखचं या वेळचं उत्तर एका ओळीचं होतं. "हे सुंदर आहे. माझ्याकडे ही जुनी कार्डं नाहीत. कुणी तपासेल का?"

सहा दिवस शांतता. मग चिलीतून, कॉन्सेप्सियोनच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. त्यांच्याकडे नेमकी हीच कार्डं होती. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर कुठवर चढतील याचं गणित ते करायचे, आणि दोन वर्षं दर चार तासांनी सगळं बंद करून पुन्हा सुरू करत होते. का थिजतं ते कळलं नव्हतं, आपलीच चूक असेल असं धरून चालले होते. त्यांनी एजेंच्या ओळी घातल्या. पाच दिवस झाले, एकदाही थिजलं नव्हतं. पत्राखाली चौघांची नावं आणि एका कुत्र्याचं.

एजेंनी ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग चष्मा पुसत बसल्या.

ओळी स्वीकारल्या गेल्या. शेजारी नाव आलं, बुरुलकान असानोवा, बिश्केक. शार्शेन आगायांनी ते पान छापून आपल्या दालनात लावलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, की चूक मी शोधली. एजेंनी कधी हरकत घेतली नाही. "अर्धी त्यांनीच शोधली," त्या म्हणायच्या. "भांडखोर माणूस हवाच असतो."

पुढच्या जुलैत आठवडाभर उकाडा झाला. मी वर तळ्याशी होतो. सकाळी नऊला पातळी दीड हात चढलेली दिसली, मी आकडे खाली कळवले. दहाच्या आत एजेंचा फोन आला.

"मेदेर, पहिलं तू उजव्या कड्यावर चढ. चढलास? आता ऐक. आज दुपारी एकला फुटेल असं धरून चाल. दुसऱ्या पुलापर्यंत येईल. आगायांनी आपत्ती खात्याला कळवलंय, खोरं रिकामं करतायत."

एक वाजला, काही झालं नाही. दोन वाजले. पायथ्याशी सहलीला आलेले लोक वैतागून परत आपल्या चटयांकडे जाऊ बघत होते, पोलिसांशी हुज्जत चालली होती. दोन चाळीसला बांध गेला. आवाज आधी छातीत जाणवतो, मग कानात. लोंढ्याने पहिला पूल उचलला, दुसऱ्याच्या अलीकडे दोनशे मीटरवर थांबला, आणि वाटेत एका मधपाळाच्या तीस पेट्या गिळल्या. माणूस एकही गेला नाही.

आठवड्याने एजे आणि मी चिखलाच्या खुणा मोजायला गेलो. म्हाताऱ्या मधपाळाने, साठमात आक्साकालांनी, आम्हाला चहा दिला आणि फैलावर घेतलं.

"एक म्हणालात, आला पावणेतीनला. खरी वेळ आधी कळली असती तर पेट्या हलवल्या असत्या की नाही? कुठल्या कंपनीचं यंत्र आहे तुमचं?"

"कंपनीचं नाही, आता," मी म्हणालो. "म्हणजे, चालवणारी अक्कल बऱ्याच लोकांची आहे. ब्रनोचा एक, चिलीतले काही, या एजे..."

"म्हणजे मालकच नाही! मग चुकलं तर धरायचं कुणाला?"

"मला धरा," एजे म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून वही काढली. "वेळेचा अंदाज का चुकला ते मला शोधायचंच आहे. पाणी तुमच्या कुंपणाशी नक्की किती वाजता आलं? आणि आधी पातळ आलं, की दाट?"

आक्साकालांनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. मग उठले, गमबूट चढवले, आणि "या, दाखवतो," म्हणत कुंपणाकडे चालू लागले.