नवरीचा हात

कल्याणात पारनाक्याच्या आसपासच्या लेकीबाळींचा लग्नाचा चुडा भरायचा तो आवडाबाई कासारणीनंच. गेल्या वर्षी टांगा उलटून तिचं डोकं दगडावर आपटलं. ठाण्याच्या इस्पितळातून परतली तेव्हा जखम भरलेली, बोलणंचालणं नीट. लोकांना तेवढं पुरतं! खोक दिसेनाशी झाली की माणूस बरं झालं म्हणायला ते मोकळे.

पण चार बायका एकदम बोलल्या, रंगांवरून घासाघीस झाली, की आवडाबाईचं डोकं तेल संपलेल्या कंदिलासारखं विझत जाई. हात जड, जीभ जड. रात्रभर झोपूनही तो शीण उतरत नसे. मग तिनं सकाळचीच घरं धरली. भाव करणं आणि ओझं वाहणं सुनेवर, बायजावर सोपवलं. लग्नाचा चुडा तेवढा सोडला नाही. तो सुटला तर आपण कासारीण कसल्या, असं तिला वाटे.

श्रीपादरावांच्या मंदाकिनीचा चुडा सकाळीच भरायचा होता. पण नवरीची मामी यायची होती, म्हणून आधी घरातल्या बायकांनी हात पुढे केले. रेशनचे दिवस असले तरी गोतावळा काही कमी नव्हता. थट्टा, खिदळणं, 'हा नको, तो दाखवा'. दुपार झाली. आवडाबाईच्या कानांत नुसता गलका उरला.

"आत्याबाई, मी भरू का?" बायजानं हळूच विचारलं.

"गप गं. नवरीचा हात माझा."

मामी आली. पहिली बांगडी नीट चढली. दुसरी आवडाबाईच्या जड बोटांत पिचली आणि काच मंदाकिनीच्या मनगटात रुतली. नवरीची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

"असू दे," नवरीची आई प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "जरा टेका आवडाबाई, चहा टाकते."

चहा होईस्तोवर डोळे मिटू, म्हणून ती भिंतीला टेकली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. घर शांत होतं, मुद्दाम शांत ठेवलेलं. मंदाकिनीचे दोन्ही हात हिरवेगार भरले होते आणि ती वाकून बायजाच्या पाया पडत होती. चुडा भरणारीच्या पाया पडायचं, ही रीतच.

बायजा ओशाळून मागं सरली. "माझ्या नको ताई, त्यांच्या पडा."

"किती दमला होतात! आईनं उठवू दिलं नाही," म्हणत मंदाकिनी आवडाबाईसमोर वाकली. घरातल्या एखाद्या म्हातारीच्या पाया पडावं तशी, फार मायेनं. त्या मायेनंच आवडाबाईचं काळीज तुटलं.

तिनं नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडभर आशीर्वाद दिला. मग भिंतीला धरून उठली आणि सुनेला म्हणाली, "चल. यापुढं लग्नाचे चुडे तूच भर."