बिनघुंगरांची पावलं

दुर्गाबाईंच्या नृत्यवर्गाची एक रीत होती. पहिले तीन महिने मोकळ्या पायांनी पदन्यास घटवायचा. मग गुरूने खाली बसून, स्वतःच्या हाताने शिष्येच्या पायांत घुंगरं बांधायची. त्याशिवाय मंचावर पाऊल टाकायचं नाही. त्रेसष्ट सालच्या दसऱ्याला अमरावतीच्या कॉलेजातल्या त्यांच्या वर्गात अकरा मुलींच्या पायांत घुंगरं चढली. बारावी पंचफुला. तिच्यापाशी येताच बाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "तुझी मागवलीत. आली की बांधू."

आता मागवली कुठून होती, विलायतेहून? दिवाळी गेली, संक्रांत गेली, मोर्शीकडची संत्री बाजारात येऊन संपली, तरी घुंगरं काही येईनात! पंचफुलाला कळत का नव्हतं? सगळं कळत होतं. बाई वाईट नव्हत्या, हेच तर अवघड. पुण्याहून आलेल्या, शिकवताना हातचं राखत नसत. पण हिच्या पायाला हात लावायचा म्हटलं की त्यांचा हात अडायचा. आणि लोकनृत्य निघालं की पहिलं नाव हिचंच. "तुमच्यात ते उपजतच असतं," हे वर कौतुक! तेव्हा पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गावी बाप डोमाजीचं वेगळंच. छप्पन्न साली धम्म घेतला, त्या दिवशी त्याने लग्नामयतीत वाजवायचं डफडं कायमचं खाली ठेवलं. पोरगी नाच शिकते हे ऐकून त्याचं टाळकंच सरकलं.

"आमी लोकाइच्या दारात वाजवनं सोडलं, अन् तू नाचून राहिली?"

"बाबा, हे दारातलं नोहे. शिक्षन आहे. परीक्षा असते."

डोमाजी म्हणाला, "बरं. पन बाकीच्या पोरीइले जे भेटते, थे तुले भेटलं पायजे. परीक्षेपरेंत नाही भेटलं, तं वापस ये."

मार्चात परीक्षेसाठी नागपूरहून परीक्षक आले. अकोल्याच्या आंतरकॉलेज स्पर्धेसाठी ते एक मुलगीही निवडणार होते. अकरा जणी एकदम नाचल्या, खोली छनछनाटाने भरून गेली. पंचफुला कोपऱ्यात उभी. बाबांची मुदत आज संपली आणि उद्याच्या मोटारीने आपण गावी, एवढंच तिच्या डोक्यात.

परीक्षकांनी कान टवकारले आणि हात वर केला. "सोडा ती घुंगरं. एकेकीने या. एवढ्या आवाजात चोरलेलं पाऊल लपतं."

झालं! घुंगरं सुटली आणि एकेकीची फजिती उघडी पडली. कुणाची टाच पडेना, कुणी मात्रा गिळली.

"आणि ती कोपऱ्यातली?"

पंचफुला पुढे आली. दसऱ्यानंतरही पाच महिने तिच्या पावलांना फरशीशिवाय कुणाचा आधार नव्हता. तबलजी शेषरावांनी लय दुप्पट केली, चौपट केली, पण एक पाऊल पुसट पडलं नाही. समेवर ती थांबली तसे शेषराव ओरडलेच, "वा गं पोरी!"

"अकोल्याला हिलाच पाठवा," परीक्षक म्हणाले. "पण हिची घुंगरं कुठायत?"

मागवलीत, असं म्हणून बाईंना सुटता आलं असतं. त्यांचे ओठ हललेही. पण त्या खाली मान घालून म्हणाल्या, "कपाटात. दसऱ्यापासून."

कागदात गुंडाळलेली घुंगरं काढून त्यांनी पुढे केली. पंचफुलाने हात पुढे केला नाही.

"बाई, रीत तं खाली बसून बांधायची आहे."

बाईंनी पदर सावरला. मग त्या फरशीवर बसल्या. पंचफुलाचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर घेतला. पहिली गाठ सैल बसली.

"मी चुकले गं," बाई म्हणाल्या. डोळे भरले होते, तरी त्यांनी गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. "आता बरोबर झालं?"

पंचफुलाचेही डोळे वाहत होते, पण तिने पाय मागे घेतला नाही.

"अजून आवळा, बाई. अकोल्यात सुटाले नको."