मागे कोण बसतं?

गाडी खाली बसवायचं खूळ पेंटरच्या डोक्यात शिरलं तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. माणूस दुकानांच्या पाट्या रंगवणारा, रेषेवर जीव टाकणारा. जेवणाचं ताट तिरकं ठेवलं असलं तर सरळ केल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्याला गाडीचं चाक आणि वरची कमान यांच्यातली फट सलायची. "आखूड पँट घातल्यासारखी दिसते गाडी," असं येताजाता म्हणायचा. मग एक दिवस बायको आणि आईला सोबत घेऊन गॅरेजमध्ये गेला आणि चारही स्प्रिंगा कापून घेतल्या.

"बसवून देतो खाली," मेकॅनिक म्हणाला होता, "पण आधी सांगा, मागे कोण बसतं?"

"मागे? बसतं कधीमधी कुणीतरी. चालवतो मी एकटाच."

मेकॅनिकने त्याला एकट्याला सीटवर बसवलं, चाकावर दोन बोटं आडवी धरली आणि तेवढं माप ठेवलं. ते 'कधीमधी कुणीतरी' तिथंच बाकावर बसून चहा पीत होतं. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि सुनेकडे पाहून एक भुवई उंचावली. सुनेला हसू आवरेना.

खोटं कशाला बोला, गाडी दिसायला लागली देखणी. हमरस्त्यावर तर ती अशी पळायची की बघत राहावं. पूर्वी वळणावर अंग टाकायची, आता तसूभर कलायची नाही. पेंटरचं म्हणणं अगदीच उगाच नव्हतं. पण हमरस्ता राहिला लांब, आणि घराभोवतीच्या रस्त्यांवर खड्डा चुकवला की गतिरोधक आणि गतिरोधक ओलांडला की पुन्हा खड्डा. मागे दोघी बसल्या की चाकावरची दोन बोटं गायब व्हायची. मग प्रत्येक गतिरोधकाच्या अलीकडे पेंटर गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "उतरा."

दोघी उतरायच्या. गाडी जराशी वर यायची, पेंटर ती गोगलगायीच्या चालीने पलीकडे न्यायचा, आणि दोघी मागून चालत जाऊन पुन्हा आत बसायच्या. बाजाराला जायचं म्हणजे अर्धा रस्ता गाडीतून आणि अर्धा गाडीमागून.

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा म्हणजे सगळ्या आळीची करमणूक. त्यांनी गाडीचं नाव घोरपड ठेवलं. गतिरोधक लांबून दिसला की पेंटरने सांगायच्या आतच त्या गाण्यासारख्या सुरात विचारायच्या, "उतरू का?" पुढेपुढे तर घरातही सुरू झालं. जेवण झाल्यावर खुर्चीवरून उठताना, "उतरू का?" दाढ काढायला गेल्या तेव्हा दातांच्या डॉक्टरलासुद्धा तेच विचारून आल्या. पेंटर चिडायचा, कान लाल व्हायचे, पण आईपुढे बोलायची त्याची काय टाप होती!

सून त्यांचा हात धरून मागून चालायची आणि बघत राहायची. पेंटर आत बसलेला असायचा, त्याला फक्त आवाज ऐकू यायचा. गाडीचं पोट दिसायचं ते तिला. इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात, ते सगळ्यांत खाली लोंबायचं. गाडी उंचवट्यावर सरळ घातली की दोन्ही चाकं एकदम पलीकडे उतरायची आणि चेंबर खरवडायचं. तिरकी घातली, तर एक चाक उतरेपर्यंत दुसरं अजून वरच असायचं आणि पोट वाचायचं. तिने दोनतीनदा सांगून पाहिलं.

"तुला बाहेरून काय कळतं?" पेंटर म्हणाला. "आत बसल्यावर अंदाज येतो."

अंदाजाचंच निमित्त करून त्याने तिला गाडी देणं बंद केलं होतं. स्प्रिंगा कापायच्या आधी ती चष्म्याच्या दुकानात कामाला जाताना हीच गाडी न्यायची. आता तिचं लायसन्स कपाटात पडून होतं आणि ती बसने जायची. यावरून एकदा चांगलीच वाजली होती. मग तिने तो विषयच सोडून दिला, पण राग काही सोडला नव्हता.

त्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारची जेवणं होत आली होती आणि सासूबाई शेजारणीची नक्कल करत होत्या. बोलता बोलता त्यांच्या उजव्या हातातली वाटी सुटली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलल्या. बोलल्या म्हणजे नुसता आवाज निघाला. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

"आई, नक्कल पुरे आता," पेंटर हसत म्हणाला.

 सून उठून त्यांच्यासमोर बसली. "आई, माझ्याकडे बघा. माझं नाव घ्या."

सासूबाईंनी तोंड उघडलं. डोळ्यांत सगळं होतं, नाव, थट्टा, घाबरणं, सगळं. जिभेवर काही येईना.

हॉस्पिटलला फोन लावला तो सुनेनेच. पलीकडच्या डॉक्टरीणबाई शांतपणे पण भराभर बोलल्या. मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेली दिसते, लगेच आणा, वेळेत आलात तर इंजेक्शन देता येईल, उशीर झाला तर गेलेला हात आणि गेलेली वाचा परत येईल याची खात्री नाही. ॲम्ब्युलन्स पाठवता येईल, पण ती नदीपलीकडे गेली आहे आणि पूल दुरुस्तीसाठी बंद, तिला नदीला पुरा वळसा घालून यावं लागेल. "तुमच्याकडे गाडी आहे का?"

"आहे," सून म्हणाली, आणि तिला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. दुपारची वेळ, आळीतल्या बाकी सगळ्या गाड्या आपापल्या मालकांबरोबर कामावर गेलेल्या. होती ती एकटी घोरपड.

पेंटरने आईला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. सून शेजारी बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आळीच्या तोंडाशी पहिला गतिरोधक आला. पेंटरच्या तोंडून सवयीने "उत" एवढं निघालं आणि पुढचं अक्षर त्याने गिळलं. आरशात त्याचे डोळे दिसत होते. सासूबाईंचा डावा हात सुनेच्या मनगटावर घट्ट आवळला गेला.

गाडी चढली आणि खालून खर्रर्र असा आवाज आला. 

हॉस्पिटल नदीच्या अलीकडेच होतं, पण तिथं जायला जवळचा रस्ता एकच, खाणीचा. दगडांचे ट्रक जाऊन जाऊन त्याची पार चाळण झाली होती. पेंटर खड्डे चुकवत होता, पण चुकवून चुकवून चुकवणार किती? स्प्रिंगा कापलेल्या, त्यामुळे जो धक्का पूर्वी गाडी गिळायची तो आता थेट आत येत होता. प्रत्येक धक्क्याला सासूबाईंची मान सुनेच्या हातात हिंदकळायची. त्या काहीतरी बोलायला बघत होत्या. प्रत्येक वेळी कमी कमी येत होतं.

"हळू घ्या हो."

"हळू घेऊ का लवकर पोचू? एक काय ते सांग!"

 तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही या गाडीत मिळणार नव्हतं.

खाणीच्या वळणावर पेंटरने करकचून ब्रेक दाबला. समोर रस्ता आडवा खणून पाण्याचा पाईप टाकला होता आणि त्यावर मुरूम लोटून ठेवला होता. ट्रकना त्याचं काय? पण घोरपडीच्या दृष्टीने तो डोंगरच. पेंटरने गाडी हळूच पुढे घातली. पुढची चाकं चढली, आणि खालून असा आवाज आला की त्याने झटकन मागे घेतली.

"चेंबर फुटलं तर इंजिन इथंच बसेल," तो म्हणाला.  तो उतरला, डिकी उघडली आणि दिसेल ते रस्त्याच्या कडेला फेकायला लागला. रंगाचे डबे, स्टेपनी, जॅक. शेवटी त्याच्या काळजाचा तुकडा असलेला स्पीकरचा पेटारा उपसून त्याने धुळीत आपटला. मग पुन्हा बसला, पुन्हा गाडी घातली. पुन्हा तोच आवाज. थोडं राहत होतं. अगदी थोडं.

सुनेने सासूबाईंचं डोकं अलगद सीटवर टेकवलं, सीटचे दोन्ही पट्टे त्यांच्या अंगाभोवती ओढून लावले आणि खाली उतरली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही उतरा. सगळ्यांत जड तुम्हीच आहात."

"अगं, मी उतरलो तर चालवणार कोण?"

"मी."

"वेड लागलंय का तुला? अंदाज तरी—"

"या गाडीचं पोट तुम्ही एकदा तरी बघितलंय का?" तिचा आवाज इतका चढला की तिलाच दचकायला झालं. "मी रोज बघते. तुम्ही उतरवता ना आम्हाला, तेव्हा बघते. उतरा म्हणते ना!"

पेंटरने आरशात आईकडे पाहिलं. आईचे डोळे त्याच्यावरच होते. तो उतरला. त्याचा भार निघताच गाडी वर आली, चाक आणि कमान यांच्यात पुन्हा फट दिसली. त्या फटीकडे तो बघतच राहिला.

सुनेने सीट पुढे ओढली.  तिने गाडी मागे घेतली, तोंड रस्त्याच्या पार कडेला वळवलं आणि उंचवट्याला तिरकी भिडवली. पेंटर रस्त्यावर पालथा पडला आणि खालून बघायला लागला. त्या पोटावर इतके ओरखडे होते की मोजता येऊ नयेत. एक चाक चढलं. गाडी एका अंगावर कलली, मागे सासूबाईंनी डाव्या हाताने पुढच्या सीटची पाठ पकडली. पहिलं चाक पलीकडे उतरलं, दुसरं अजून वर होतं.

"चल, चल, चल," पेंटर धुळीत पडून ओरडत होता. "चेंबर वाचलं! चल!"

मागचं चाक उतरताना एकदा खरवडलंच. कुठे, किती, ते बघायला वेळ नव्हता. गाडी पलीकडे गेली.

आता त्याला घ्यायला थांबायचं. तिचा पाय ब्रेकवर गेलासुद्धा. पण पुढे, ट्रकांच्या धुळीत, तिला आणखी एक मुरमाचा ढीग दिसला, आणि त्याच्यापलीकडे तिसरा. तो बसला की गाडीही बसणार. आरशात पेंटर धावत येत होता, सुटलेलं पोट सावरत, कपडे धुळीने पांढरे झालेले. त्यालाही पुढचे ढीग दिसले असावेत. तो धावता धावता थांबला आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. जा. जा. थांबू नकोस.

ती थांबली नाही. नवऱ्याला तसं रस्त्यात सोडताना तिला रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. "आई, आता जरा हलेल," असं ती प्रत्येक उंचवट्याआधी सांगत राहिली. मागून उत्तर येत नव्हतं. सीटची पाठ मात्र तिला पाठीशी ओढल्यासारखी जाणवत होती, आणि तेवढ्यावर तिने उरलेला रस्ता काढला.

हॉस्पिटलची कमान दिसली तेव्हा समोर तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन खडखडायला लागलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दारात पोचल्यावर गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली, ती पडलीच. खालून तेलाची काळी रेघ कमानीपासून दारापर्यंत आली होती. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन धावले.

पेंटर एका ट्रकमधून आला तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं. तो दारातल्या गाडीजवळून गेला, पण तिच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

"बोलली का?" त्याने विचारलं.

"नाही अजून. वेळेत आणलं म्हणाल्या डॉक्टर. आता वाट बघायची."

दोघं बाकावर बसले.  मग पेंटर म्हणाला, "त्या मेकॅनिकने मला विचारलं होतं, मागे कोण बसतं म्हणून." तिने मान हलवली. तिला ते आठवत होतं, आणि त्याला आठवतंय हे बघून तिचा राग अर्ध्यावर आला. उरलेला तिने नंतरसाठी ठेवला.

दिवेलागणीला सासूबाईंना वॉर्डात हलवायचं ठरलं. वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत होता, दोघं दोन्ही बाजूंनी चालत होते. ओठांचा कोपरा अजून ओघळलेलाच होता, पण उजव्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू चाळवत होती. वॉर्डाच्या दाराशी जाडजूड उंबरठा होता. ट्रॉलीची पुढची चाकं त्याला अडली आणि धक्का बसला.

सासूबाईंनी डोळे उघडले. मुलाकडे पाहिलं. ओठ हलले, पुन्हा हलले, आणि ओबडधोबड, ओला, पण ओळखू येईल असा आवाज आला.

"उत...रू का?"

 पेंटरने ट्रॉलीचा दांडा धरला, आईच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि वॉर्डातली माणसं बघत असताना ओक्साबोक्शी रडायला लागला.

"नाही गं आई," तो म्हणाला. "तू नाही उतरायचं."